यमनचे नाणे आणि सुरतेचे हाजी

इतिहास राजवाड्यात आणि दफ्तरखान्यात असतो, असे आपण समजतो. पण तो शेताच्या मातीतही असतो. युरोप-अमेरिकेत हौशी लोक सकाळी कामावर जाण्याआधी तासभर धातुशोधक यंत्र घेऊन शेतात फिरतात. यंत्राच्या टोकाला तारेचे वेटोळे असते. त्याचे चुंबकीय क्षेत्र जमिनीत उतरते आणि खाली धातू असला की कानाशी आवाज येतो. बहुतेक वेळा हाती लागतो तो गंजका खिळा नाहीतर गुंडी. क्वचित मात्र इतिहासच वर येतो.

२०१४ साली अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात, मिडलटाउन येथील एका फळबागेत जिम बेली या हौशी शोधकाला काळवंडलेले एक चांदीचे नाणे सापडले. त्याच बागेत त्याला वसाहतकाळातील नाणी, बुटाचे बकल, बंदुकीच्या गोळ्या मिळाल्या होत्या. हे नाणेही स्पॅनिश किंवा मॅसॅच्युसेट्सचे असेल असे त्याला वाटले. निरखून पाहिले तर त्यावर अरबी अक्षरे! ते १६९३ साली, म्हणजे हिजरी ११०४-०५ च्या सुमारास यमनमध्ये पाडलेले निघाले. पुढे आसपासच्या राज्यांतही त्याच काळातील डझनाहून अधिक अरबी नाणी मिळाली. तेथील वसाहतवाले तेव्हा अरबस्तानात व्यापाराला जात होते, असा पुरावा नाही. मग ही नाणी तिथे गेली कशी?

उत्तर शोधताना आपल्याला सुरतेच्या बंदराकडे यावे लागते. सुरतेला तेव्हा ‘बाबुल मक्का’, मक्केचा दरवाजा म्हणत. १६९५ च्या सप्टेंबरमध्ये औरंगजेबाचे ‘गंजे सवाई’ हे जहाज हाजींना आणि मोखा-जेद्द्याच्या व्यापाराचा पैसा घेऊन परतत होते. इंग्रज चाचा हेन्री एव्हरी याने ते गाठले. खाफीखानाने ‘मुन्तखबुल्लुबाब’मध्ये ही हकिकत लिहिली आहे. जहाजावर ८० तोफा होत्या, पण एक तोफ फुटून आपलीच माणसे मेली आणि कप्तान इब्राहीमखान घाबरून खाली पळाला. लुटीचा आकडा तो ५२ लाख रुपये देतो. त्याहून भयंकर म्हणजे स्त्रियांवर अत्याचार झाले. कित्येकींनी अब्रूसाठी समुद्रात उड्या घेतल्या. खाफीखान त्या काळात सुरतेत कारभारी होता आणि मुंबईच्या इंग्रजांनाही भेटला होता. म्हणून त्याच्या लिखाणाला वजन आहे.

बादशहाच्या रोषाने सुरतेच्या वखारीतील इंग्रज कैदेत पडले. लंडनमध्ये १६९६ साली एव्हरीच्या काही साथीदारांवर खटला चालला. गंमत पाहा, गंजे सवाई लुटल्याच्या आरोपातून पंचांनी त्यांना निर्दोष सोडले! मग आपलेच जहाज पळवल्याचा दुसरा आरोप ठेवून पाच जणांना फाशी दिली. एव्हरी मात्र कुणाच्याच हाती लागला नाही. १७१२ साली लंडनच्या रंगभूमीवर त्याच्या आयुष्यावर बेतलेले नाटकही झाले. लुटारू नायक ठरला. लुटले गेलेले हाजी आणि त्यांच्या बायका आज कुणाला नावाने ठाऊक आहेत?

एव्हरी किंवा त्याची माणसे अमेरिकेत आल्यामुळेच ही नाणी तेथे पोचली, असे बेली यांचे मत आहे. तर्क पटण्यासारखा आहे, पण जपून बोलले पाहिजे. एव्हरीच्या ताफ्यात ऱ्होड आयलंडच्याच न्यूपोर्टचा थॉमस ट्यू होता. त्याने याआधीच तांबड्या समुद्राच्या बाजूला एक मोगली जहाज लुटून १६९४ साली ऐवज घरी नेला होता. कोणते नाणे कोणाच्या खिशातून पडले, हे नाणे सांगत नाही. ते एवढेच सांगते की इकडचा पैसा तिकडच्या मातीत गेला होता. तेही सांगते कशामुळे? ते कुठे सापडले याची नोंद झाली म्हणून. तेच नाणे सराफाच्या तराजूत नुसती चांदी ठरले असते आणि साक्षीदार मुका झाला असता.

आपल्याकडे असे साक्षीदार रोज मुके होतात, असे आम्हाला वाटते. दख्खनच्या मातीत बहमनी, निजामशाही, आदिलशाही नाणी कमी नाहीत. नांगरताना, पाया खणताना ती निघतात आणि गुपचूप विकली वा वितळवली जातात. दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास कलेक्टरला लेखी कळवावे, असे १८७८ चा कायदा सांगतो. त्यात वस्तू काय, कुठे आणि कोणत्या तारखेला मिळाली, हे लिहावे लागते. इतिहासाचे तीन प्रश्नही हेच! पण सामान्य माणूस सरकारी फेऱ्याला भितो आणि गप्प बसतो.

आम्ही उर्दू शाळेत इतिहास शिकवणारी माणसे. आमच्या मुलांना नाण्यावरची अरबी-फारसी अक्षरे ओळखता येतात, हिजरी सन मोजता येतो. गावात नाणे निघाले तर ते वाचून दाखवणे आणि आधी जागा लिहून घ्या, मग कलेक्टरला कळवा, असे सांगणे हे काम त्यांच्या हातून होऊ शकते. आपला इतिहास दुसऱ्यांनी लिहिला, अशी तक्रार आपण नेहमी करतो. निदान जो आपल्या मातीतून वर येतो, तो तरी आपण वितळू देऊ नये.