नदीपलीकडचा रुपया

मार्कंड्याला वैनगंगा उत्तरवाहिनी होते. महाशिवरात्रीच्या यात्रेला आलेला भाविक तेथे स्नान करतो, देवळांच्या भिंतींवरची शिल्पे डोळे भरून पाहतो आणि परततो. मला मात्र घाटावर उभे राहिले की, ही नदी पुढे कोठे जाते याचाच विचार सुचतो. दक्षिणेस तिला वर्धा भेटते, दोघींची प्राणहिता होते, आणि तिचा पलीकडचा तीर एके काळी निजामाचा होता. आज मार्कंडा गडचिरोली जिल्ह्यात आहे व राजुरा चंद्रपुरात. जुन्या काळी मार्कंडा चांद्याच्या, म्हणजे इंग्रजांच्या, अमलात होते आणि वर्धेपलीकडचे राजुरे हैदराबाद संस्थानात. भाषा एक, सोयरीक एक. पण नदी ओलांडली की रुपया बदलत असे!

अलीकडे इंग्रजी रुपया. त्याला लोक कलदार म्हणत. पलीकडे निजामाची हाली. विसाव्या शतकातल्या हालीवर चारमिनार दिसतो. इकडच्या आण्याचे १२ पै, तर तिकडच्या आण्याचे ६. हालीचे वजन कमी, चांदीही हलकी. म्हणून सरकारी भाव ७ हालींस ६ कलदार. १०० कलदारांची हाली करायची तर ११६ रुपये, १० आणे आणि ४ पै होतात. हे गणित शाळेत न गेलेल्या माणसाने भर बाजारात उभ्या उभ्या करायचे! राजुऱ्याच्या शेतकऱ्याने चांद्यास कापूस विकला तर हाती कलदार येणार, सारा मात्र निजामाच्या खजिन्यात हालीत भरायचा. मध्ये सराफ बसलेला. त्याचा बट्टा सुटायचा नाही.

मोठी रक्कम कोणी थैलीत घालून रानवाटेने नेत नसे. त्यासाठी हुंडी. तिची रीत मला फार शहाणपणाची वाटते. रक्कम आकड्यांत लिहायची, अक्षरी लिहायची, आणि वर ‘निमे अमुक, त्याची दुप्पट’ असेही लिहायचे, म्हणजे एखादे शून्य वाढवायची सोय उरत नाही. हुंडी हरवली तर पेठ, पेठही हरवली तर परपेठ. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या सावकाराच्याच हाती पडत. आजच्या रेघा मारलेल्या चेकची ही थोरली बहीणच म्हणायची. पैसे चुकते झाले की तिचा खोका होई. शिवाजी महाराजांनीही १६६६ साली आग्र्यास नजरकैदेत असताना रामसिंहाकडून पैसे घेऊन त्यांची फेड दक्षिणेत करण्याची व्यवस्था अशाच कागदावर केली होती.

पुढे सावकाराच्या गादीशेजारी बँक आली. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई पडली, तेव्हा १९१८ पासून निजाम सरकारने नोटा काढल्या. त्यांवर किंमत मराठीतही असे. १९४२ साली हैदराबाद स्टेट बँकेचे काम सुरू झाले. तरी मूळ प्रश्न जागच्या जागीच राहिला. हालीतला चेक इकडच्या खात्यात भरायचा म्हणजे तो वसुलीसाठी पलीकडे धाडा, भाव लावा, बट्टा कापा, मग जमा करा. १९४७ च्या अखेरीस तर निजाम सरकारने भारताचा रुपया आपल्या मुलखात चलनबाह्य ठरविला. नदीकाठच्या बाजारांच्या तो गळ्यालाच फास होता.

आणि खुद्द निजामाचा पैसा? तो लंडनला, वेस्टमिन्स्टर बँकेत. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद शरण आले. त्यानंतर तिसऱ्याच दिवशी, २० सप्टेंबरला, संस्थानचे अर्थमंत्री मोईन नवाझ जंग यांच्या सांगण्यावरून तेथील १० लाख पौंडांहून थोडी अधिक रक्कम पाकिस्तानचे लंडनमधील उच्चायुक्त रहिमतुल्ला यांच्या नावे जमा झाली. आठवड्याभरातच निजामाने ती परत मागितली. खातेदाराच्या संमतीवाचून बँक देईना! निजामाने दावा लावला. १९५७ साली तेथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, परक्या सार्वभौम राज्याला आमच्या कोर्टात खेचता येणार नाही, असे ठरविले आणि रक्कम गोठून पडली. एका सहीने गेलेला पैसा परत यायला ७१ वर्षे लागली! २०१९ च्या २ ऑक्टोबरला इंग्लंडच्या न्यायालयाने तो भारत सरकार व निजामाचे वारस यांचा ठरविला. तोवर त्याचे साडेतीन कोट पौंड झाले होते.

राजुऱ्याच्या शेतकऱ्याच्या हालीला असे व्याज कोण देणार? १९५० पासून तिच्या जोडीला भारताचा रुपया आला आणि १९५९ साली ती व्यवहारातून गेली. १९५६ साली नांदेडला जोडलेला राजुरा तालुकाही त्याच १९५९ साली चांद्यास आला. मग वर्धेच्या दोन्ही तीरांवर एकच रुपया चालू लागला. हालीचे उरलेसुरले रुपये सोनाराच्या तराजूत गेले. तेथे चारमिनाराला किंमत नव्हती, होती ती चांदीला.