रॉक नेमकं कुणाचं? 'टीव्ही ऑन द रेडिओ'ची सुरुवात

रॉक म्हणजे गोऱ्या पोरांचं संगीत, असं आपल्यातल्याही अनेकांना वाटतं. हा समज आपोआप तयार झालेला नाही. सिस्टर रोझेटा थार्प, चक बेरी, लिटल रिचर्ड या कृष्णवर्णीय कलावंतांनी रॉकचा पाया घातला. पुढे बाजाराने त्यावर गोरा चेहरा चढवला आणि मूळ मालकच परके ठरले.

म्हणून 'टीव्ही ऑन द रेडिओ' या बँडचा इतिहास वाचायला हवा. २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात कृष्णवर्णीय गायक टुंडे अडेबिम्पे आणि गोरा वादक-निर्माता डेव्हिड सिटेक यांनी तो सुरू केला. कुठल्याही कंपनीची वाट न बघता २००२ मध्ये त्यांनी घरीच ध्वनिमुद्रित केलेला 'ओके कॅल्क्युलेटर' स्वतः काढला.

२००३ मध्ये 'यंग लायर्स' आलं. त्यात 'पिक्सीज' या रॉक बँडचं एक गाणं त्यांनी वाद्यांशिवाय, फक्त आवाजांवर, डू-वॉपच्या ढंगात गायलं. डू-वॉप ही अमेरिकन शहरांच्या नाक्यानाक्यावर कृष्णवर्णीय तरुणांनी घडवलेली गायकी. म्हणजे रॉक त्यांनी पुन्हा आपल्या घरी आणलं!

मग किप मलोन आला. २००४ च्या 'डेस्परेट यूथ, ब्लड थर्स्टी बेब्स' या अल्बमचं पहिलंच गाणं कृष्णवर्णीय ओळखीच्या प्रश्नाला भिडतं. २००५ मध्ये कॅटरिना वादळात न्यू ऑर्लिन्सची गरीब कृष्णवर्णीय वस्ती बुडाली, तेव्हा सत्तेवर टीका करणारं गाणं त्यांनी लोकांना फुकट दिलं.

कलेला रंग नसतो म्हणणाऱ्यांना एकच प्रश्न: मग श्रेय वाटताना तो कसा दिसतो?