नीलकंठी टीका व तिचें वाचन

महाभारताच्या ज्या पोथ्या आमच्या वाचकांच्या संग्रहीं आहेत, त्यांपैकीं पुष्कळांबरोबर नीलकंठाची ‘भारतभावदीप’ टीका असते. मूळ मध्यें आणि टीका वर व खालीं, असें तें त्रिपाठी पान सर्वांच्या परिचयाचें आहे. संग्राहक पानाची लांबी-रुंदी मोजतो, अक्षराचें वळण पाहतो, पुष्पिकेंतील शक उतरून घेतो. टीका मात्र वाचीत नाहीं. या उपेक्षेमुळें पोथीची अर्धी साक्ष बुडते, असें आमचें मत आहे.

नीलकंठ चतुर्धर हा गोदातीरींच्या कोपरगांवचा. पित्याचें नांव गोविंदसूरि, मातेचें फुल्लांबिका. त्याचें लेखन सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत काशी येथें झालें. निरनिराळ्या देशांतील अनेक पोथ्या जमवून, त्या ताडून आपण उत्तम पाठ ठरविला, असें तो टीकेच्या आरंभींच सांगतो. म्हणजे हा आपल्याच जातीचा पोथीसंग्राहक होता. मात्र जमविलेलें तो वाचीत असे!

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम आरंभिलें. १९२५ पासून डॉ. सुखटणकर प्रमुख संपादक झाले, १९३३ सालीं आदिपर्व पुरें झालें, आणि सर्व पर्वें १९६६ सालीं समाप्त झालीं. नीलकंठाच्या पाठांतील कितीतरी श्लोक तींत तळटीपांत वा परिशिष्टांत गेले. गणपतीनें व्यासांचें लेखन केल्याची सर्वश्रुत कथादेखील परिशिष्टांतच आहे. यावरून नीलकंठ आतां निरुपयोगी झाला, असें कांहीं विद्वान् बोलून दाखवितात. हें अनुमान आम्हांस मान्य नाहीं. संपादकांनीं टीकाकारांस टाकलें नाहीं, साक्षीदार म्हणून उभें केलें. देवबोधाची ‘ज्ञानदीपिका’ ही उपलब्ध टीकांत फार जुनी. तिचा आदिपर्वावरील भाग मंदिरानें १९४१ सालीं छापला. देवबोधापुढें असलेला पाठ काश्मीरी परंपरेस जवळचा होता, हें त्याच्या टीकेंतूनच कळलें.

तें कसें कळतें? टीकाकार श्लोकांतील शब्द प्रतीक म्हणून घेतो व मग अर्थ सांगतो. तें प्रतीक म्हणजे त्याच्यासमोरच्या पाठाची मुद्राच होय. आतां लेखकू पुष्कळदां मूळ एका पोथीवरून व टीका दुसऱ्या पोथीवरून उतरीत असे. मग मुळांत एक शब्द आणि टीकेंत त्याच ठिकाणीं भलत्याच शब्दाचा अर्थ, असा विसंवाद पडतो. ज्यानें दोन्हीं वाचलीं त्यालाच तो दिसतो. सूचीकार त्या पानावर ‘सटीक, पूर्ण’ एवढें लिहून मोकळा होतो. हल्लीं पोथ्यांचीं छायाचित्रें घरबसल्या मिळतात, ही मोठीच सोय. परंतु छायाचित्र वाचून दाखवीत नाहीं.

हें वाचन केवळ कोशाच्या बळावर साधत नाहीं. पदच्छेद, विग्रह, अन्वय, मग शंका व समाधान, हा क्रम शास्त्र्यांपुढें बसूनच अंगवळणीं पडतो. ‘यद्वा’ आलें कीं आधींचा अर्थ सोडून दुसरा सुरू झाला, हें नवख्याच्या ध्यानांत येत नाहीं व तो दोन्हीं अर्थांची खिचडी करतो. अशा रीतीनें टीका लावून देणारे शास्त्री आतां विरळ झाले आहेत. पोथीस कसर लागण्यापेक्षां आम्हांस याचें भय अधिक वाटतें.

नीलकंठाचें सर्वच ग्राह्य आहे असें नव्हे. तो सरळ कथेंतही अद्वैत काढतो. ‘मंत्ररामायणां’त तर त्यानें वेदमंत्रांत रामकथा पाहिली. तेथें आम्ही त्याचे अनुयायी नाहीं. पण ओढाताण कोठें आहे, हें समजण्यासही टीका वाचावीच लागते.

आरंभास उद्योगपर्वांतील सनत्सुजातीय घ्यावें. प्रकरण लहान आहे, आणि त्यावर शंकराचार्यांच्या नांवाचें भाष्यही आहे. चित्रशाळेनें १९२९ ते १९३३ या काळांत छापलेलें सटीक महाभारत एकानें हातीं धरावें, दुसऱ्यानें तें भाष्य, आणि तिसऱ्यानें आपल्या घरची पोथी उघडून प्रतीकें मोठ्यानें वाचावीं. जेथें तिघांचा मेळ बसत नाहीं, तीं स्थळें टिपून ठेवावीं.