आतड्याच्या अस्तरातील पेशीवाढीची दैनिक लय

आतड्याच्या अस्तरातील पेशीवाढीची दैनिक लय म्हणजे या अस्तरात नव्या पेशी निर्माण होण्याच्या वेगात सुमारे २४ तासांच्या आवर्तनाने होणारा चढउतार होय. ही लय शरीरातील जैविक घड्याळाशी निगडित आहे. कर्करोगावरील काही औषधे दिवसाच्या कोणत्या वेळी द्यावीत, या प्रश्नाच्या संदर्भात तिला विशेष महत्त्व आहे.

अस्तराचे नूतनीकरण

लहान आतड्याच्या आतील पृष्ठभागावर बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे असतात. त्यांना रसांकुर म्हणतात. त्यांच्या पायथ्याशी नळीसारख्या खोलगट ग्रंथी असतात. मोठ्या आतड्यात रसांकुर नसतात. मात्र अशा ग्रंथी असतात. ग्रंथींच्या तळाशी असलेल्या मूलपेशींचे सतत विभाजन होते. नव्या पेशी हळूहळू वर सरकतात, अन्नरसाच्या शोषणाचे कार्य करतात आणि अखेर गळून पडतात. अशा रीतीने बहुतेक अस्तर ३ ते ५ दिवसांत नवे होते. शरीरातील सर्वाधिक वेगाने नूतनीकरण होणाऱ्या ऊतींमध्ये त्याची गणना होते.

लयीची यंत्रणा

जैविक घड्याळाचे मुख्य केंद्र मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागात असून ते प्रकाशानुसार जुळते. याशिवाय आतड्यासह बहुतेक अवयवांच्या पेशींत स्वतंत्र घड्याळे असतात. क्लॉक आणि बीमॅल-१ ही प्रथिने पर व क्राय या जनुकांना कार्यान्वित करतात. त्या जनुकांपासून बनलेली प्रथिने साठली की ती पहिल्या दोन प्रथिनांना रोखतात. या चक्रास सुमारे २४ तास लागतात. पेशीविभाजनाला आवर घालणारे वी-१ हे जनुकही या घड्याळाच्या नियंत्रणाखाली असल्याचे २००३ मध्ये उंदराच्या यकृतावरील संशोधनात दिसून आले. आतड्यातील घड्याळावर जेवणाच्या वेळेचाही प्रभाव पडतो.

संशोधन

उंदरांच्या आतड्यातील पेशीविभाजनाची दैनिक लय विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नोंदवली गेली. उंदीर निशाचर असल्यामुळे त्यांच्यातील वेळा माणसाला जशाच्या तशा लागू होत नाहीत. १९९१ मध्ये निरोगी व्यक्तींच्या गुदाशयाच्या अस्तराचे नमुने दिवसाच्या निरनिराळ्या वेळी घेऊन तपासले असता, त्यातही पेशीवाढीची दैनिक लय आढळली. फळमाशीच्या आतड्यातील मूलपेशींचे पुनर्जनन घड्याळाशी बांधलेले असल्याचे २०१३ मध्ये, तर उंदराच्या आतड्याच्या पुनर्जननात बीमॅल-१ चा सहभाग असल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

वैद्यकीय महत्त्व

फ्लुओरोयुरॅसिल हे मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरील औषध डीएनए तयार करणाऱ्या पेशींवर आघात करते. त्यामुळे निरोगी अस्तरही सोलवटते आणि रुग्णाला जुलाब व तोंड येणे यांचा त्रास होतो. निरोगी पेशींची वाढ मंद असताना औषध दिल्यास हा त्रास कमी होईल, या विचारातून कालोपचार ही पद्धत पुढे आली. तिच्यात पंपाद्वारे फ्लुओरोयुरॅसिलची मात्रा पहाटे ४ च्या सुमारास सर्वाधिक ठेवली जाते. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत अशा उपचाराने तोंडाच्या अस्तराची गंभीर हानी कमी झाल्याचे दिसले. मात्र २००६ च्या मोठ्या चाचणीत रुग्णांच्या एकूण आयुर्मानात फरक आढळला नाही. पुरुषांना लाभ, तर स्त्रियांना तोटा झाल्याचे दिसले. त्यामुळे एकच वेळ सर्व रुग्णांना योग्य ठरत नाही.