बिनतारण

बँकेच्या कर्ज विभागात वीस वर्षे काढली की माणसाचा जगाकडे बघण्याचा चष्माच वेगळा होतो. कोणी हसून नमस्कार केला तरी मनात पहिला प्रश्न येतो, 'याला जामीन कोण?' लग्नाच्या पंगतीत शेजारचा गृहस्थ तिसऱ्यांदा जिलबी घेऊ लागला, की मी नकळत त्याची परतफेडीची कुवत मोजू लागतो. आमचे लग्न ठरताना मी सासऱ्यांकडे सातबारा मागितला होता, असे ही चारचौघांत सांगते. ते साफ खोटे आहे. जमीन बागायती की जिरायती, एवढेच मी विचारले होते.

तर अशा माणसाकडे गेल्या दिवाळीत त्याचा भाचा पाचशे रुपये मागायला आला.

भाचा पुण्याला इंजिनिअरिंगला आहे, असे आम्ही समजतो. तोही अधूनमधून तसेच समजतो. त्याने आणि त्याच्या चार मित्रांनी मिळून एक बँड काढला आहे. त्याचे नाव त्याने मला सांगितले, पण ते पहिल्यांदा कळले नाही आणि दुसऱ्यांदा विचारायचा धीर झाला नाही.

"मामा, आमचा पहिला आल्बम निघतोय. आगाऊ नोंदणी चालू आहे. पाचशे रुपये."

"गाणी किती?"

"चार."

"पाचशेत चारच?"

"पण एकूण एक्कावन्न मिनिटं आहेत!"

मी मनात भागाकार केला. दर गाण्याला पावणेतेरा मिनिटे. एवढ्या वेळात मी काउंटरवरच्या पाच जणांना 'उद्या या' म्हणून सांगू शकतो.

"हे प्रोग्रेसिव्ह रॉक आहे," भाच्याने समजावले. "तीन मिनिटांत धृपद-अंतरा उरकून टाकायचा नाही. एका गाण्यात पाच-सहा भाग असतात. मधेच ताल बदलतो. चारांचा चाललेला एकदम सातांचा होतो."

"म्हणजे रूपक."

"बघ, तुला कळलं!"

कळले काहीच नव्हते; पण मुलांना निराश करू नये. मी मुद्द्यावर आलो. "ते असू दे. तारण काय?"

"तारण?"

"समजा, आल्बम निघालाच नाही, तर?"

पोराने माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी त्याच्या साखरपुड्यात घटस्फोटाचा फॉर्म पुढे केला आहे. "मामा, जगातले मोठमोठे बँड असेच उभे राहिलेत. लोकांनी आधी विश्वास टाकला म्हणून. तू वाच जरा." असे म्हणून त्याने एका कागदावर दोनचार नावे लिहून दिली आणि तो फराळाकडे वळला.

पत तपासल्याखेरीज मी पाच रुपयेही मंजूर करत नाही. तेव्हा रात्री जेवणे झाल्यावर त्या नावांचा इतिहास उकरायला बसलो. खरे तर इतिहास हा माझा विषय नव्हे. मी बी.कॉम. आमच्या लेखी इतिहास म्हणजे 'मागील पानावरून पुढे आणलेली शिल्लक'. पण ही शिल्लक बघता बघता पहाटेचे दोन वाजले.

पहिले नाव होते जेनेसिस. इंग्लंडातल्या चार्टरहाउस नावाच्या बड्या शाळेतली ही मुले. पीटर गॅब्रिएल, माइक रदरफर्ड, अँथनी फिलिप्स आणि टोनी बँक्स. यातला बँक्स मला अर्थातच आवडला. आडनावातच बँक असून खिशात दमडी नाही, असा माणूस बघितला की आम्हा कारकुनांना घरचा वाटतो. त्याच शाळेचा जोनाथन किंग नावाचा माजी विद्यार्थी तोवर गायक आणि निर्माता म्हणून नाव कमावून बसला होता. त्याच्या हाती या पोरांची टेप पडली. १९६८ च्या उन्हाळी सुट्टीत ध्वनिमुद्रण झाले आणि मार्च १९६९ मध्ये डेका कंपनीने पहिली रेकॉर्ड काढली, 'फ्रॉम जेनेसिस टू रेव्हलेशन'.

आता गंमत ऐका. 'जेनेसिस' आणि 'रेव्हलेशन' ही बायबलातल्या पहिल्या आणि शेवटच्या भागांची नावे. त्यातून अमेरिकेत त्याच नावाचा दुसरा बँड आहे असे कळल्यामुळे मुखपृष्ठावर बँडचे नाव छापलेच नाही. काळेभोर पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत फक्त रेकॉर्डचे नाव. दुकानदारांनी भक्तिभावाने ती उचलली आणि धार्मिक संगीताच्या फळीवर नेऊन ठेवली! म्हणजे आपल्याकडे एखाद्या नाट्यगीतांच्या रेकॉर्डला 'हरिपाठ' नाव दिल्यासारखे झाले. वर्षभरात खप झाला साडेसहाशे प्रतींच्या आसपास.

मी या साडेसहाशे जणांचा बराच वेळ विचार करत बसलो. कोण असतील हे? काही मुलांचे आईबाप असणार, काही मावश्या असणार. एखादी धर्मशील आजीबाईही असेल, जी रविवारी प्रार्थनेसाठी म्हणून रेकॉर्ड घेऊन आली आणि सुई ठेवताच दचकली. पण ही सगळी वजावट केली तरी शेदोनशे माणसे अशी उरतातच, ज्यांनी अनोळखी पोरांचे अनोळखी काम पदरचे पैसे टाकून घरी नेले. नाव नाही, फोटो नाही, शिफारस नाही. आमच्या भाषेत याला 'बिनतारण कर्ज' म्हणतात, आणि ते मंजूर करणाऱ्या कारकुनाची बदली आडवळणाच्या शाखेत होते.

या मुलांना पुढचे कर्ज मिळाले तेही असेच. टोनी स्ट्रॅटन-स्मिथ नावाचे एक गृहस्थ होते. पूर्वी क्रीडा पत्रकार, पुढे कॅरिझ्मा या छोट्या रेकॉर्ड कंपनीचे मालक, आणि शौक घोड्यांच्या शर्यतींचा. व्यवसाय बेभरवशाचा, छंद त्याहून बेभरवशाचा. असा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मी तो चहाच्या कपाखाली ठेवला असता. १९७० साली या माणसाने लंडनमध्ये पोरांचे गाणे ऐकले आणि त्यांना पदरी घेतले. त्यानंतर दोनच वर्षांत या मंडळींनी तेवीस मिनिटांचे एक गाणे केले. मला भाच्याच्या पावणेतेरा मिनिटांबद्दल एकदम आदर वाटू लागला.

दुसरी गोष्ट एका गावाची आहे. लंडनपासून थोड्या अंतरावर एल्सबरी नावाचे बाजारपेठेचे गाव आहे, आमच्या कराडसारखेच. फक्त आमच्याकडे प्रीतिसंगम आणि त्यांच्याकडे बदके. एल्सबरीची बदके फार नावाजलेली. या बदकांच्या गावात १९६९ साली 'फ्रायर्स' नावाचा एक क्लब निघाला. एक हॉल, तिकीट घेऊन उभी राहणारी पोरे, आणि कोणीही नवा बँड आला तरी ऐकून घेण्याची तयारी. या शेवटच्या गुणाची किंमत कोणत्याही ताळेबंदात धरत नाहीत. जेनेसिस लंडनमध्ये कोणी नव्हते तेव्हा एल्सबरीत कोणीतरी होते. १९७१ च्या जूनमध्ये पीटर गॅब्रिएलला तिथला प्रतिसाद पाहून इतके भरून आले, की त्याने मंचावरून थेट श्रोत्यांत उडी घेतली आणि पायाचा घोटा मोडून घेतला. श्रोत्यांवर विश्वास टाकावा, पण अंग टाकू नये, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

याच एल्सबरीत १९७९ साली आणखी एक बँड जन्मला. टॉल्किनच्या 'द सिल्मरिलियन' या पुस्तकावरून नाव घेतले आणि पुढे त्याची 'सिल' झडून 'मॅरिलियन' उरले. वेळ मात्र अगदी वाईट निवडली होती. १९७६-७७ पासून विलायतेत पंक नावाची लाट आलेली. दोन मिनिटांचे गाणे, तीन सूर, आणि वीस मिनिटे वाजवणारा म्हणजे म्हातारा. अशा दिवसांत मॅरिलियनवाले लांबलचक गाणी घेऊन उभे राहिले. डेरेक डिक हा त्यांचा धिप्पाड स्कॉटिश गायक. याला सगळे 'फिश' म्हणत. हा पूर्वी जंगलकामावर होता आणि आता तोंडाला रंग फासून गात होता. एकूण प्रकरण बँकेने दारातूनच परत पाठवावे असे.

पण त्यांना श्रोते मिळाले. गावोगावच्या छोट्या हॉलांतून मिळाले, लंडनच्या मार्की क्लबात मिळाले. १९८२ च्या सुरुवातीला बी.बी.सी. रेडिओच्या 'फ्रायडे रॉक शो'मध्ये त्यांना बोलावणे आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात ई.एम.आय. कंपनीने त्यांची पहिली रेकॉर्ड काढली. (ई.एम.आय. हे अक्षर दिसताच मी दचकून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले. आमच्या घरात ई.एम.आय. पाच तारखेला असतो.) गाण्याचे नाव 'मार्केट स्क्वेअर हीरोज'. मार्केट स्क्वेअर म्हणजे त्यांच्या गावातला बाजारचौक. मोठ्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला सतरा मिनिटांचे गाणे होते. म्हणजे लोक फॅशनविरुद्ध जात होते तेही सव्याज. मार्च १९८३ मध्ये पूर्ण लांबीची पहिली रेकॉर्ड आली, 'स्क्रिप्ट फॉर अ जेस्टर्स टिअर', आणि ती ब्रिटनच्या यादीत सातव्या क्रमांकावर गेली. वर्तमानपत्रे नाके मुरडत होती आणि पोरे रांगेत उभी होती.

पुढचा भाग वाचताना मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. १९८८ मध्ये फिश बँड सोडून गेला, नवा गायक आला, १९९५ मध्ये ई.एम.आय.शी संबंध संपला. १९९७ साली त्यांनी सांगून टाकले, की अमेरिकेचा दौरा परवडत नाही, साठेक हजार डॉलरचा खड्डा पडेल. यावर अमेरिकेतल्या चाहत्यांनी काय करावे? त्यांनी आपले आपण खाते उघडले आणि साठ हजार डॉलर जमवले! बँड गेला, गायला आणि परत आला. मग या लोकांच्या डोक्यात प्रकाश पडला. पुढच्या रेकॉर्डसाठी त्यांनी सरळ श्रोत्यांनाच विचारले, "अजून एक सूर लागलेला नाही, आगाऊ पैसे द्याल का?" १२,६७४ जणांनी दिले. आजकाल याला 'क्राउडफंडिंग' म्हणतात, आपल्याकडे त्याला वर्गणी म्हणत आले आहेत. ती रेकॉर्ड २००१ साली निघाली आणि वर्गणीदारांची नावे आतल्या पुस्तिकेत छापली. रेकॉर्डचे नाव 'अ‍ॅनोरॅक्नोफोबिया'. अ‍ॅनोरॅक म्हणजे टोपीचा पावसाळी कोट. तिकडे छंदापायी वेड्या झालेल्या माणसाला याच नावाने चिडवतात. म्हणजे ज्यांनी पैसे दिले त्यांचीच प्रेमाने थट्टा! वितरणाला कोण आले? तीच ई.एम.आय. ठेव दिसली की बँक पुन्हा ओळख दाखवते, हे मी काय सांगावे?

आता मी सगळेच गोड सांगितले तर माझ्यातला कारकून मला माफ करणार नाही. २००९ साली लंडनमध्ये 'प्लेजम्युझिक' नावाची कंपनी निघाली. चाहत्यांकडून आगाऊ पैसे घ्यायचे आणि कलावंतांना पोचवायचे, हा तिचा धंदा. तो चांगला चालला. पण २०१९ मध्ये कंपनी बुडाली आणि मधल्यामधे अनेक कलावंतांचे पैसे अडकले ते अडकलेच. तेव्हा 'तारण काय?' हा प्रश्न अगदीच वेडगळ नाही.

तो मी का विचारतो, हे मला मात्र फार आधीपासून ठाऊक आहे. १९९९ साली, कॉलेजात असताना, आम्ही तिघा मित्रांनी एक दिवाळी अंक काढायचा ठरवला होता. आगाऊ वर्गणी पंचवीस रुपये. मी वाणिज्य शाखेचा, म्हणून खजिनदार. एक्केचाळीस वर्गणीदार झाले, एक हजार पंचवीस रुपये जमले. त्यातून आम्ही चार रंगांत मुखपृष्ठ छापून घेतले. ते इतके सुंदर झाले की आत घालायला पैसेच उरले नाहीत. अंक निघाला नाही. पैसे परत देण्याचे आम्ही तिघांनी एकमेकांवर सोपवले आणि पांगलो. ज्या माणसाने वीस वर्षे लोकांना थकबाकीच्या नोटिसा पाठवल्या, तो स्वतः एक्केचाळीस खातेदारांचा थकबाकीदार आहे.

त्यातले चाळीस जण विसरले. एक विसरले नाहीत. आमचे मराठीचे सर. आज ते ब्याऐंशी वर्षांचे आहेत. संगमावर फिरायला भेटतात. पंचवीस रुपयांचे नाव त्यांनी आजवर एकदाही काढलेले नाही. ते फक्त विचारतात, "काय रे, अंक कधी?" थट्टा म्हणून विचारत असते तर बरे झाले असते. त्यांच्या विचारण्यात पंचवीस वर्षांनंतरही थोडी खरीच चौकशी असते.

रात्री दोन वाजता, मॅरिलियनच्या त्या १२,६७४ माणसांसमोर बसून माझ्या लक्षात आले, की सर म्हणजे आमच्या अंकाचे एल्सबरी होते.

सकाळी भाच्याला बोलावले आणि पाकीट दिले. त्याने मोजले. "मामा, हे एक हजार पंचवीस आहेत."

"रक्कम बरोबर आहे. दोन प्रती. एक माझ्या नावावर, एक सरांच्या. नावे छापणार ना?"

"छापणार. पण वरचे पंचवीस?"

"व्याज समज."

"मामा, व्याज आम्ही द्यायचं असतं."

पोरगा हुशार आहे. इंजिनिअरिंगला उगाच गेला. मी म्हटले, "आणि आल्बम निघाला नाही, तरी माझ्याकडे तोंड लपवू नकोस. येऊन सांग. एवढंच तारण."

संध्याकाळी संगमावर सरांना गाठले आणि सगळे सांगितले. त्यांच्या नावाने एक आल्बम नोंदवला आहे, चार गाणी, एक्कावन्न मिनिटे, मधे रूपकही लागतो. सरांनी काठी दुसऱ्या हातात घेतली आणि बराच वेळ नदीकडे पाहत राहिले.

"म्हणजे पुन्हा आगाऊच?" ते म्हणाले.

"हो सर."

"ठीक आहे. वाट पाहू." आणि चार पावले गेल्यावर मागे वळून, "पण मग अंकाचं काय?"