महिला कॉलेज बास्केटबॉल : खेळाचे नियम बदलले, पैशाचा नियम कधी?

अमेरिकेत कॉलेजच्या मुलींचं बास्केटबॉल सध्या मोठ्या बदलातून जातंय. स्पर्धेत संघ किती असावेत, मुलींना किती हंगाम खेळता यावं, कॉलेजनं खेळाडूंना थेट पैसे दिले तर मुलींच्या वाट्याला किती यावेत, अशा अनेक प्रश्नांवर तिथं एकाच वेळी चर्चा सुरू आहे. नातेवाईक अमेरिकेत असलेल्या आणि मुलीला खेळाच्या जोरावर तिकडं शिकायला पाठवण्याचा विचार करणाऱ्या वाचकांसाठी हा सगळा विषय एका ठिकाणी.

एनसीएए म्हणजे काय?

अमेरिकेतल्या कॉलेजांचे खेळ चालवणारी सर्वात मोठी संस्था म्हणजे एनसीएए. तिच्या पहिल्या श्रेणीत, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, महिला बास्केटबॉलचे साडेतीनशेहून जास्त संघ आहेत. कॉलेजांचे गट असतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. आधी गटात साखळी सामने होतात आणि मार्च महिन्यात ६८ संघांची राष्ट्रीय बाद फेरी. हरला की घरी. शेवटच्या चार संघांच्या टप्प्याला फायनल फोर म्हणतात.

एनसीएएनं महिलांची ही स्पर्धा १९८२ मध्ये सुरू केली. पहिलं विजेतेपद लुइझियाना टेकनं मिळवलं. तेव्हा ३२ संघ होते, १९९४ मध्ये ६४ झाले आणि २०२२ मध्ये ६८.

नियमांचा जुना इतिहास

बास्केटबॉल १८९१ मध्ये जेम्स नायस्मिथ यांनी शोधला. पुढच्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्या स्मिथ कॉलेजच्या शिक्षिका सेंडा बेरेन्सन यांनी तो मुलींना शिकवायला घेतला आणि लगेच नियम बदलले. मैदानाचे तीन भाग केले. आपला भाग सोडून पळायचं नाही, दुसरीच्या हातातला चेंडू हिसकावायचा नाही. मुलींना जास्त दमवू नये, हा त्या काळचा विचार.

पुढे तीनऐवजी दोन भाग झाले, सहा-सहा जणींचा खेळ आला. कॉलेजमध्ये पूर्ण मैदानावर पाच-पाच जणींचा खेळ यायला १९७१ उजाडलं. आयोवा राज्यातल्या शाळांत तर सहा जणींचा खेळ १९९३ पर्यंत चालू होता. त्याच आयोवाची केटलिन क्लार्क पुढे ३,९५१ गुण करून विक्रमवीर ठरली.

आता गंमत बघा. याच १९७१ मध्ये महिलांच्या खेळात ३० सेकंदांचं शॉट क्लॉक आलं. म्हणजे चेंडू हातात आल्यापासून ३० सेकंदांत बास्केटचा प्रयत्न करायचाच. पुरुषांच्या कॉलेज खेळात शॉट क्लॉक आलं १९८५-८६ च्या हंगामात, तेही ४५ सेकंदांचं. पुरुष ३० सेकंदांवर आले २०१५ मध्ये. नियमांच्या बाबतीत मुली पुढे, हे तेव्हापासूनच आहे.

२०१३ चा ॲकरमन अहवाल

आजच्या अनेक बदलांचं मूळ एका अहवालात आहे. डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगच्या पहिल्या अध्यक्ष व्हॅल ॲकरमन यांना एनसीएएनं २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये हे काम दिलं. जून २०१३ मध्ये त्यांचा अहवाल आला. निदान रोखठोक होतं : गुण कमी होतायत, नेमबाजी घसरलीय, प्रेक्षक वाढत नाहीत आणि तेच तेच मोजके संघ जिंकतायत.

त्यातल्या ठळक सूचना आणि त्यांचं पुढे काय झालं ते असं :

• फायनल फोर शुक्रवार-रविवार : आधी हे सामने रविवार-मंगळवार होत. नोकरदार माणूस मंगळवारी दुसऱ्या शहरात सामना बघायला कसा जाणार? बदल २०१७ पासून लागू झाला.

• पहिल्या १६ संघांना घरचं मैदान : पहिल्या दोन फेऱ्या त्रयस्थ शहरात घेतल्या की खुर्च्या रिकाम्या राहायच्या. २०१५ पासून मानांकनातले पहिले १६ संघ आपल्याच मैदानावर खेळतात. गर्दी वाढली, मात्र पाहुण्या संघावर अन्याय होतो ही तक्रार कायम आहे.

• चारऐवजी दोन शहरं : तिसरी आणि चौथी फेरी दोनच शहरांत, प्रत्येक ठिकाणी आठ संघ. हे २०२३ मध्ये ग्रीनव्हिल आणि सिएटलपासून सुरू झालं.

• २४ सेकंदांचं शॉट क्लॉक : झालं नाही. आजही ३० सेकंदच आहेत.

• शिष्यवृत्त्या १५ वरून १३ : मोठ्या संघांनी चांगल्या खेळाडू बाकावर बसवून ठेवू नयेत, त्या लहान कॉलेजांकडे जाव्यात, हा हेतू होता. तेव्हा मान्य झालं नाही.

बास्केटची रिंग खाली आणण्याची चर्चाही त्याच सुमारास रंगली. कनेटिकटचे प्रशिक्षक जीनो ऑरिएमा यांनी २०१२ मध्ये १० फुटांची रिंग सुमारे ७ इंचांनी खाली आणा, असं सुचवलं होतं. व्हॉलीबॉलमध्ये महिलांची जाळी खाली असते, मग इथं का नको, असा सवाल. पण देशभरातल्या शाळा-कॉलेजांच्या रिंगा बदलायच्या कुणी? शिवाय अनेक खेळाडूंनाच ते कमीपणाचं वाटलं. विषय तिथंच राहिला.

मैदानावर प्रत्यक्ष काय बदललं?

२०१३-१४ पासून चेंडू १० सेकंदांत आपल्या अर्ध्यातून पुढे नेण्याची सक्ती आली. २०१५-१६ पासून २० मिनिटांच्या दोन भागांऐवजी १० मिनिटांचे चार क्वार्टर झाले. त्याबरोबर फाउलचं गणितही सोपं झालं. आधी सातव्या सांघिक फाउलपासून पहिला फ्री थ्रो गेला तरच दुसरा मिळायचा आणि दहाव्यापासून सरळ दोन. आता प्रत्येक क्वार्टरमध्ये पाचव्या फाउलपासून दोन फ्री थ्रो आणि नवा क्वार्टर सुरू झाला की पाटी कोरी. खेळ कमी थांबतो.

तीन गुणांची रेषा २०२१-२२ पासून २२ फूट पावणेदोन इंचांवर, म्हणजे आंतरराष्ट्रीय अंतरावर गेली. २०२४-२५ पासून पंचांच्या ठराविक निर्णयांना व्हिडिओवरून आव्हान देण्याचा हक्क प्रशिक्षकांना मिळाला. पुरुषांच्या खेळात हा हक्क त्यानंतरच्या हंगामात आला. आणि २०२५ मध्ये पुरुषांच्या नियम समितीनंही क्वार्टर पद्धतीकडे जाण्याबाबत अनुकूलता दाखवली. म्हणजे प्रयोग आधी मुलींच्या खेळात, आणि जमला की पुरुषांच्या.

पैशाचा नियम मात्र शेवटी

२०२१ मध्ये कोविडमुळे महिलांची सगळी स्पर्धा सॅन अँटोनियो परिसरात झाली. तिथं ओरेगनच्या सेडोना प्रिन्सनं एक व्हिडिओ टाकला. पुरुषांना भलीमोठी व्यायामशाळा आणि महिलांना डंबेलचा एक लहानसा स्टँड! देशभर गहजब झाला. एनसीएएनं बाहेरच्या वकिलांकडून चौकशी करून घेतली. त्या अहवालानं दाखवून दिलं की महिलांच्या स्पर्धेची किंमतच कमी लावली जातेय. २०२५ पासून तिच्या प्रक्षेपण हक्कांना वर्षाला ८.१ ते ११.२ कोटी डॉलर मिळू शकतात, असा अंदाज त्यात होता. 'मार्च मॅडनेस' हे नावसुद्धा तोवर फक्त पुरुषांच्या स्पर्धेला वापरलं जात होतं. महिलांना ते २०२२ पासून मिळालं.

तरीही २०२४ च्या जानेवारीत ईएसपीएनशी करार झाला तो ४० स्पर्धांचा एकगठ्ठा, आठ वर्षांसाठी ९२ कोटी डॉलरचा. त्यात महिला बास्केटबॉलची किंमत वर्षाला सुमारे ६.५ कोटी धरली गेली. पुरुषांच्या स्पर्धेचा करार वेगळा आहे आणि त्याची वार्षिक सरासरी सुमारे ११० कोटी डॉलर आहे. करारानंतर तीनच महिन्यांत साउथ कॅरोलायनानं आयोवाला ८७-७५ असं हरवलं, तो अंतिम सामना सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला. त्या वर्षीचा पुरुषांचा अंतिम सामना पाहणारे होते सुमारे १ कोटी ४८ लाख. क्लार्क कॉलेजमधून गेल्यावर, २०२५ मध्ये महिलांच्या अंतिम सामन्याचा आकडा सुमारे ८५ लाखांवर आला, हेही सांगायला हवं. म्हणजे एका वर्षाच्या आकड्यावर भाव ठरवता येत नाही. पण माल एकगठ्ठा विकला की त्याचा खरा भाव कधीच कळत नाही, हे कुठलाही व्यापारी सांगेल.

त्याच हंगामात पोर्टलंडमध्ये एका टोकाची तीन गुणांची रेषा चुकून जवळ आखली गेली होती. ते लक्षात आलं तोवर तिथं चार सामने होऊन गेले होते.

युनिट म्हणजे काय?

पुरुषांच्या स्पर्धेत १९९१ पासून संघ जितके सामने खेळेल तितके 'युनिट' त्याच्या कॉन्फरन्सच्या खात्यात जमा होतात आणि त्यावर पैसे मिळतात. महिलांच्या संघाला विजेतेपद मिळालं तरी या खात्यात शून्य. जानेवारी २०२५ मध्ये एनसीएएच्या अधिवेशनात २९२ विरुद्ध ० मतांनी हे बदललं.

हिशेब सोपा आहे. ६८ संघांच्या बाद फेरीत ६७ सामने होतात. अंतिम सामना सोडला तर ६६, आणि प्रत्येकात दोन संघ, म्हणून १३२ युनिट. पहिल्या वर्षासाठी १.५ कोटी डॉलर ठेवले गेले, म्हणजे एका युनिटला साधारण १ लाख १३ हजार डॉलर. २०२८ पर्यंत ही रक्कम २.५ कोटींवर न्यायची आहे. रकमेपेक्षा परिणाम महत्त्वाचा. कॉलेजच्या हिशेबात महिला संघ इतकी वर्षं फक्त खर्चाच्या बाजूला होता. आता जमेच्या बाजूलाही त्याची एक ओळ आली.

कॉलेजनं खेळाडूंना पैसे द्यायचे, पण कसे?

जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे घेता येतात. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी 'हाउस' खटल्यातला समझोता मंजूर केला. त्यानुसार १ जुलै २०२५ पासून कॉलेज स्वतः आपल्या सगळ्या खेळाडूंना मिळून पहिल्या वर्षी २.०५ कोटी डॉलरपर्यंत वाटू शकतं. समझोत्यात आलेल्या कॉलेजांना बास्केटबॉल संघात जास्तीत जास्त १५ खेळाडू ठेवता येतात.

खरी अडचण वाटपाची आहे. आधीच्या खेळाडूंना द्यायच्या सुमारे २८० कोटी डॉलरच्या भरपाईचं सूत्र असं : साधारण ७५ टक्के फुटबॉल, १५ टक्के पुरुष बास्केटबॉल, ५ टक्के महिला बास्केटबॉल आणि ५ टक्क्यांत बाकी सगळे खेळ. चालू वाटपासाठीही अनेक कॉलेजांनी याच्या जवळपासचं सूत्र धरलं.

इथं 'टायटल नाइन' येतो. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगभेद करायचा नाही, असा हा १९७२ चा कायदा. शिष्यवृत्तीची रक्कम मुलामुलींच्या खेळाडूसंख्येच्या प्रमाणात द्यावी लागते, ती याच कायद्यामुळं. मग हे नवे पैसेही तसेच वाटायचे का? जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्यानं 'हो' म्हटलं. सरकार बदललं आणि फेब्रुवारीत तो खुलासाच मागे घेतला गेला. भरपाईच्या सूत्राविरुद्ध काही महिला खेळाडू याच मुद्द्यावर अपिलात गेल्या. या एका प्रश्नाच्या उत्तरावर महिला संघांचं पुढचं बरंच अर्थकारण अवलंबून आहे.

पुढचे प्रस्ताव

स्पर्धा ७२ किंवा ७६ संघांची करावी, असा प्रस्ताव चर्चेत आला. २०२६ ची स्पर्धा ६८ संघांचीच ठेवायचं ठरलं आणि २०२७ पासूनचा विचार पुढे चालू राहिला. मोठ्या कॉन्फरन्सना जास्त जागा हव्यात. युनिट आल्यानंतर प्रत्येक जागेला पैशाचं मोल आलंय, हे इथं विसरून चालणार नाही.

दुसरा विषय पात्रतेचा. पाच वर्षांत चार हंगाम खेळण्याऐवजी पाचही हंगाम खेळू द्यावेत, असा विचार आहे. संघात जागा १५ च असतील, तर जुन्या मुली एक वर्ष जास्त थांबतील आणि नव्या मुलींच्या जागा तेवढ्या कमी होतील.

तिसरा, कॉलेज बदलण्याचा. डब्ल्यूएनबीएमध्ये अमेरिकन मुलींना साधारण २२ व्या वर्षी किंवा पदवीनंतरच जाता येतं. म्हणून मुली चार वर्षं कॉलेजात राहायच्या आणि प्रेक्षकांना त्या ओळखीच्या व्हायच्या. ही या खेळाची मोठी ताकद. पण २०२४ पासून वर्षावर्षाला कॉलेज बदलायची मोकळीक मिळाली आणि ती ओळख पातळ होऊ लागली. मुलींना मोकळीक हवीच, पण लहान कॉलेजांनी घडवलेली खेळाडू मोठं कॉलेज सहज उचलतं, हेही खरं.

आपल्याकडच्या मुलींनी काय लक्षात घ्यावं?

भारतात विद्यापीठ स्पर्धा आंतरराष्ट्रीय म्हणजे फिबाच्या नियमांवर होतात. चार क्वार्टर, तीन गुणांची रेषा आणि फाउलची पद्धत आता अमेरिकेच्या महिला कॉलेज खेळाशी जुळते. फरक मुख्यतः वेळेचा : फिबात शॉट क्लॉक २४ सेकंदांचं आणि चेंडू पुढे न्यायला ८ सेकंद. म्हणजे आपली मुलगी उलट जास्त वेगाची सवय घेऊन जाते.

पैशाच्या बाबतीत मात्र सावध राहावं. परदेशी विद्यार्थिनी बहुतेक एफ-१ व्हिसावर असतात आणि त्यावर काम करून कमाई करण्यावर कडक बंधनं आहेत. शेजारी बसलेल्या अमेरिकन खेळाडूला कॉलेजचा वाटा किंवा जाहिरातीचे पैसे मिळत असले, तरी आपल्या मुलीला ते घेता येतीलच असं नाही, आणि चूक झाली तर व्हिसाच धोक्यात येतो. तेव्हा एजंट किती आकडे सांगतो यावर जाऊ नये. शिष्यवृत्ती पूर्ण आहे का, ती दरवर्षी नव्यानं मंजूर करावी लागते का, आणि प्रशिक्षक बदलला तर तिचं काय होणार, हे तीन प्रश्न कॉलेजला लेखी विचारावेत आणि उत्तरही लेखीच घ्यावं.