टेंभलीचं आधार आणि दुकानातला संगणक

२९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावी, रंजना सोनवणे यांना देशातलं पहिलं आधार मिळालं. पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः आले होते. पुढे रेशन असो की बचत गटाचं कर्ज, आधारची प्रत लागू लागली.

साक्रीला गेलं की आपण दुकानदाराला मोबाइलवरून आधार पाठवतो, प्रिंट घेतो आणि निघतो. फाइल मात्र त्याच्या संगणकात राहते. डिलीट केली तरी ती रिसायकल बिनमध्ये पडते. ही कचरापेटी १९९५ साली विंडोज ९५ बरोबर आली. ती रिकामी केली तरी पुष्कळदा फाइल परत काढता येते. म्हणून साफसफाईची सॉफ्टवेअर निघाली. पण ऑगस्ट २०१७ मध्ये त्यातल्या नावाजलेल्या सीक्लीनरमध्येच चोरांनी घातक प्रोग्राम घुसवला. तो २२ लाखांहून जास्त लोकांपर्यंत पोचला. झाडूच मळका निघाला!

त्याच महिन्यात, २४ तारखेला, सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे.

हा हक्क आपण दुकानातही बजावायचा. जिथे चालेल तिथे ‘मास्क्ड आधार’ द्या. त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. प्रिंट निघाली की म्हणा, “भाऊ, माझी फाइल काढून टाक, कचरापेटीही रिकामी कर.” काम होईपर्यंत तिथेच उभ्या राहा. लाजायचं कशाला? कागद आपला आहे.